कारागृहात समुपदेशनाला जाताय? आधी झोपेचं विचारा

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झालेली सांगली-मिरजेकडची मुलं विचारतात, कारागृहात काम करायचंय, तयारी काय करू? कागदाचं आधी सांगते. 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार सायकियाट्रिक सोशल वर्कर (मनोरुग्णांसोबत काम करणारा समाजकार्यकर्ता) म्हणवून घ्यायला एमएसडब्ल्यूनंतर दोन वर्षांची पूर्णवेळ एमफिल लागते. माझ्याकडे ती नव्हती, मी एका संस्थेतर्फे समुपदेशक म्हणून गेले. (घरी सांगितलं तर आजोबांना फक्त 1943 साली सांगलीच्या तुरुंगातून निसटलेले वसंतदादा आठवले!)

पहिल्याच महिन्यात चुकले. एक न्यायबंदी, म्हणजे खटला अजून चालू असलेला, आत येऊन तिसरा दिवस. रात्रभर जागा, पांघरुणावरून काहीतरी वेचत ‘मुंग्या, मुंग्या’ करणारा. बराकीतले म्हणाले, जामिनासाठी नाटक चाललंय. मी समोर बसून घरच्यांबद्दल विचारत राहिले आणि वहीत लिहिलं, ‘नव्या जागेचा ताण’. शेवटी एक जुने शिपाई म्हणाले, “ताई, त्याचे हात बघा की.”

हात थरथरत होते, अंग घामानं भिजलेलं. रोजची दारू एकदम तुटली की दुसऱ्या ते चौथ्या दिवशी असं होऊ शकतं, आणि त्यात माणूस दगावूही शकतो. हे काम समुपदेशकाचं नाहीच, डॉक्टरांचं. सिव्हिलला हलवला म्हणून वाचला.

तेव्हापासून नव्या बंदीला माझे तीन प्रश्न: झोप लागते का, शेवटची दारू कधी घेतली, बाहेर कुठल्या गोळ्या चालू होत्या. गुन्ह्याचं विचारत नाही. ते विचारलं की तो तुम्हाला वकील तरी समजतो, नाहीतर पोलीस.

मनोरुग्ण बंद्यांबाबत कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं दर तिमाहीला मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला अहवाल द्यायचा, असं त्याच 2017 च्या कायद्याचं कलम 103 सांगतं. त्यामुळे तुमच्या नोंदी त्यांच्यापर्यंत लेखी पोचवा. तोंडी सांगितलेलं ड्युटी बदलली की विरतं.

जामीन मात्र सांगून येत नाही. संध्याकाळी सुटका, आणि गोळ्यांची चिठ्ठी आतच. म्हणून औषध सुरू झालं की चिठ्ठीची एक प्रत वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारून घरच्यांना देते. उलट बाजूनं, मुलाखतीला, म्हणजे बंद्याला भेटायला, आलेल्या आईला जुना केसपेपर आहे का विचारावं. जत-आटपाडीकडून आलेल्या बायांकडे तो बहुतेक वेळा असतोच, प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाला चिकटून.