बिग बर्थावरचा अल्टिमीटर उंची कमी दाखवत होता: माझा अनुभव

१९६०च्या दशकातली मूळ रचना असलेल्या बिग बर्था या छंदाच्या मॉडेल रॉकेटला मी २४ मिमीचा मोटर माउंट (मोटर धरून ठेवणारी नळी) बसवला आणि अल्टिमीटरसाठी, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची मोजणाऱ्या उपकरणासाठी, नाकाखाली २० सेंमीची नळी जोडली. डी१२-५ मोटरवर सिम्युलेशन २१० मीटर सांगत होतं, अल्टिमीटर मात्र १४०च्या आसपास. शिवाय पॅराशूट बाहेर फेकणारा मोटरमधला छोटा स्फोट होताच उंचीच्या आलेखात खोल खड्डा. तीन शनिवार वाया गेले, फार वैतागलो.

बॅटरी बदलली, काही नाही. नाकाच्या अगदी खाली एक छिद्र पाडलं, तर आलेख करवतीसारखा झाला, कारण तिथे हवा खळबळलेली असते.

मग हे केलं. आधी अल्टिमीटरच्या नळीच्या तळाच्या प्लायवुड चकतीतली दोरीच्या हुकाभोवतीची फट इपॉक्सीने बुजवली. स्फोटाचा वायू तिथूनच आत शिरून दाब वाढवत होता, आणि दाब वाढला की अल्टिमीटरला उंची कमी झाल्यासारखी वाटते. रात्रभर वाळू दिलं. जुनं छिद्र बुजवलं. नाकापासून १६ सेंमी खाली, म्हणजे व्यासाच्या सुमारे चौपट अंतरावर, १२० अंशांवर तीन छिद्रं पाडली, प्रत्येकी १.५ मिमी. कडा आतून-बाहेरून घासल्या, कुसळ राहिलं तरी वाचन बिघडतं. अल्टिमीटर काढून दोन छिद्रांवर टेप लावली, चकतीला साबणाचं पाणी लावलं आणि तिसऱ्यातून फुंकलं: बुडबुडा नाही. टेप काढली. शेवटी रॉकेट सरळ उडेल ना हे पाहायला मोटरसकट गुरुत्वमध्य तपासून तिथे दोरी बांधून ते गरगर फिरवलं. नाक पुढेच राहिलं.

पुढच्या उड्डाणात २०३ मीटर, आलेख गुळगुळीत, खड्डा गायब.