बाप्तिस्म्याची आठवण रोज कशी जागती ठेवावी

बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती जीवनात प्रवेश देणारा संस्कार, आयुष्यात एकदाच होतो. परंतु बायबलमधील रोमकरांस पत्राच्या 6व्या अध्यायात प्रेषित पौल त्याचा अर्थ ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि नव्या जीवनात चालणे असा सांगतो, आणि चालणे हे रोजचेच असते. प्रथम दाखल्यावरून आपल्या बाप्तिस्म्याची तारीख शोधून ठेवावी. वाढदिवस सर्वांना पाठ असतो, ही तारीख मात्र क्वचितच कोणाला सांगता येते.

सकाळी तोंड धुताना, ओंजळीतले गार पाणी चेहऱ्यावर येते त्या क्षणी, कालची एखादी चूक मोघमपणे नव्हे, तर नेमक्या शब्दांत देवापुढे कबूल करावी; जुना आदाम, म्हणजे आपल्यातला पापी स्वभाव, रोजच्या पश्चात्तापाने बुडवला जावा, असे जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी 1529 मध्ये लिहिले, ते याच अर्थाने. कॅथलिकांनी चर्चच्या दाराशी पवित्र पाण्यात बोटे बुडवून क्रूसाची खूण करताना घाई करू नये, कारण ते पाणी बाप्तिस्म्याचीच आठवण देते. (पावसाळ्यात छत्री मिटता मिटता केलेली खूण बहुधा छत्रीसाठीच असते.)

ईस्टरच्या जागरणविधीत बाप्तिस्म्याची वचने पुन्हा घेतली जातात. ती आदल्या दिवशी घरी सावकाश वाचावीत, आणि त्यांतला ‘सैतानाचा त्याग’ म्हणजे आपल्या घरात, दुकानात वा कचेरीत नेमके काय सोडणे, हे स्वतःस विचारावे.