जुन्या फ्रेंच झुंबराचे लोलक धुताना

फ्रान्समधल्या नान्सी शहराच्या जुन्या बाजारातून घेतलेलं आमचं आठ दिव्यांचं झुंबर मी दरवर्षी दिवाळीआधी स्वतः उतरवून धुते. सगळं नाही, फक्त लोलक. सांगाडा छतालाच राहतो.

आधी मेन स्विच बंद करा, दिवे पूर्ण गार होऊ द्या. खाली टेबलावर जाड गोधडी अंथरा. माझ्या हातून एकदा लोलक निसटला, तो आईच्या गोधडीवर पडला म्हणून वाचला. झुंबर गोल फिरवायचं नाही, वरचे आटे सैल होतात. शिडीच हलवायची.

चारही बाजूंनी फोटो काढा. लोलक समोरासमोरचे जोडीने काढा, नाहीतर झुंबर एका बाजूला कलतं. मी ते अंड्यांच्या रिकाम्या ट्रेमध्ये ठेवते, ओळीला एक ट्रे, वर चिठ्ठी.

हातातल्या अंगठ्या, बांगड्या काढा. उत्तम फ्रेंच क्रिस्टलमध्ये शिशाचं ऑक्साइड ३० टक्क्यांच्या आसपास असतं. त्यामुळे काच जड आणि मऊ होते. काच कापायच्या फिरत्या चाकावर तिला धारदार पैलू पाडता येतात ते याच मऊपणामुळे, पण चराही तितक्याच लवकर पडतो.

टबच्या तळाशी टॉवेल, कोमट पाणी, भांडी धुण्याच्या लिक्विडचे दोन थेंब. एका वेळी एकच लोलक. गरम पाणी नको, काच तडकते. शेवटी डिस्टिल्ड पाण्यातून काढा, म्हणजे क्षाराचे पांढरे डाग राहत नाहीत. पुसायला जुन्या धोतराचा मऊ तुकडा. पुसलेला लोलक खिडकीशी धरला की भिंतीवर सात रंगांचा पट्टा सरकतो. तो फिका वाटला तर मी परत धुते.

हे करतानाच पैलूच्या कडेवरून नख फिरवून बघा. चाकावर कापलेली कड टोकदार लागते, साच्यातून निघालेली गुळगुळीत. बाकारा या फ्रेंच क्रिस्टल बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना १७६४ चा, पण सगळ्या वस्तूंवर शिक्का कोरायला त्यांनी १९३६ साली सुरुवात केली. त्याआधी कागदी लेबलं असत, ती कधीच धुऊन गेली. त्यामुळे शिक्का नाही म्हणून झुंबर खोटं ठरवू नका.

सोनेरी मुलाम्याला पाणी, व्हिनेगर, अमोनिया काहीही लावू नका. कोरडा मऊ ब्रश पुरे. लोलक अडकवायची पिन गंजली असेल तर सरळ करत बसू नका, ती तुटते. पितळी तार घाला.

परत लावताना आतली, वरची ओळ आधी. हातात सुती मोजे हवेत. दिवे मात्र दुसऱ्या दिवशी लावा, सॉकेटजवळ ओल राहिलेली असू शकते.