सायकल घरात टांगण्यापूर्वी भिंत ओळखावी

पणजी, मडगाव किंवा वास्कोतल्या लहान फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची सायकल बहुधा जिन्याखाली नाहीतर तळमजल्यावरच्या पार्किंगच्या कोपऱ्यात उभी असते. ही जागा सोयीची असली, तरी तिथे येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची नजर सायकलवर पडते आणि पावसाळ्यात खालची ओल चेन, स्पोक व रिम यांना गंज चढवते. म्हणून थोडी अडचण सोसूनही सायकल दाराच्या आतच ठेवावी, असे माझे ठाम मत आहे.

मोठ्या माणसाची सायकल साधारण पावणेदोन मीटर लांब असते, आणि घरात खरी अडचण होते ती हँडल व पेडल यांची. स्टेमचे, म्हणजे हँडल धरून ठेवणाऱ्या आखूड तुकड्याचे, बाजूचे बोल्ट सैल करून हँडल पुढच्या चाकाला समांतर फिरवले आणि पेडल काढली, की सायकल भिंतीलगत बरीच कमी जागा घेते. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, त्यामुळे ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवल्यावर सुटते. हे ठाऊक नसल्याने पुष्कळजण जोर लावून आटे खराब करतात. सायकल पुन्हा चालवण्यापूर्वी हे सर्व बोल्ट घट्ट केल्याची खात्री करावी.

भिंतीवर टांगायची असेल, तर ती भिंत कशाची आहे हे आधी पाहणे गोव्यात फार महत्त्वाचे आहे. इथल्या पुष्कळ भिंती जांभ्या चिऱ्याच्या असतात. चिरा सच्छिद्र आणि काही ठिकाणी इतका ठिसूळ असतो, की प्रसरण पावून पकड घेणारा अँकर बोल्ट आवळताना भोकाच्या कडाच भुगा होऊन सुटतात. ड्रिल करताना तांबडा भुगा आला, तर ती जागा सोडावी आणि हुक शक्यतो काँक्रीटच्या खांबात, बीममध्ये किंवा स्लॅबमध्ये बसवावा. मात्र भुगा करडा असूनही ड्रिल सहज आत जात असेल, तर तो पोकळ सिमेंट ब्लॉक असण्याची शक्यता असते आणि साधा अँकर तिथेही भरवशाचा नसतो. भाड्याच्या घरात मालकाची परवानगी नसल्यास जमिनीवर ठेवायचा उभा स्टँड घ्यावा. तो थोडी जागा खातो, पण भिंतीला हात लागत नाही. हुकाची जागा ठरवताना चवथीचाही विचार करावा, कारण गणपतीचे मखर आणि त्यावर टांगायची फळा-पानांची माटोळी ज्या खोलीत येते, तिथून सायकल हलवावीच लागते.

बाल्कनीत ठेवायची झाल्यास केवळ ग्रीलला कुलूप लावून भागत नाही, कारण ग्रीलच्या बारीक सळ्या सहज कापता येतात. खांबात पक्की लोखंडी कडी बसवून घ्यावी आणि यू-लॉक, म्हणजे यू आकाराच्या जाड दांड्याचे कुलूप, मागचे चाक व फ्रेम या दोहोंतून त्या कडीत अडकवावे. तारेचे बारीक कुलूप लहान कटरनेही तुटते. पुढचे चाक हाताने चटकन निघणारे असेल, तर ते काढून आत ठेवावे.

गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात. या दिवसांत सायकलवर प्लॅस्टिकचे आवरण खालपर्यंत गुंडाळू नये. आत दमट हवा कोंडते आणि गंज अधिक वेगाने चढतो. आवरण खालून मोकळे ठेवावे. मिरामार किंवा करंझाळेसारख्या किनाऱ्यालगतच्या भागात खाऱ्या हवेचा थर बसतो, म्हणून अधूनमधून सायकल गोड्या पाण्याने धुऊन, कोरडी करून चेनला तेल द्यावे.

जिना आणि सामायिक मार्गिका मात्र मोकळ्याच ठेवाव्यात, कारण आग लागल्यास सर्वांना तिथूनच बाहेर पडायचे असते. पेडलच्या दांड्यांजवळ, फ्रेमच्या खालच्या बाजूला बहुधा कोरलेला असणारा क्रमांक टिपून घ्यावा, त्याचा फोटो आणि खरेदीची पावती एकत्र जपावी. चोरी झालीच, तर पोलिसांत तक्रार देताना आणि सापडलेली सायकल आपलीच असल्याचे दाखवताना त्यांचा उपयोग होतो.