फवारणीच्या हंगामात मासे, मधमाश्या आणि जनावरांकडे लक्ष ठेवा

श्रावणापासून दिवाळीपर्यंत कपाशी, सोयाबीन आणि तुरीवर फवारण्या चालू असतात आणि जोराचा पाऊस शेतातील औषध ओढ्यात, विहिरीत, शेततळ्यात वाहून नेतो. पाण्यातले हे विष डोळ्यांना दिसत नाही, मात्र त्याचा परिणाम आसपासच्या जीवांवर बहुधा आधी दिसतो. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली माणसांतील आजाराची अधिकृत नोंद झाली, पण पाऱ्याने दूषित झालेले मासे खाणारी तिथली मांजरे त्याआधीच झटके येऊन मरत होती.

शेततळ्यातील मासे हा सर्वांत विश्वासाचा इशारा आहे, कारण सायपरमेथ्रिनसारखी कीटकनाशके जनावरांच्या मानाने माशांना आणि खेकड्यांना कितीतरी अधिक घातक असतात. मासे पहाटे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडत असतील आणि ऊन चढल्यावर सावरत असतील, तर बहुधा पाण्यात प्राणवायू कमी पडलेला असतो. परंतु फवारणीनंतर किंवा पावसानंतर दिवसा कोणत्याही वेळी लहानमोठे मासे, खेकडे आणि बेडूक एकाच वेळी मरू लागले, तर विषाचा संशय धरून ते पाणी जनावरांना पाजणे तात्काळ थांबवावे. ते मासे कोणीही खाऊ नयेत, कुत्र्यामांजरांनाही देऊ नयेत.

मधमाश्यांच्या पेट्यांसमोर मेलेल्या माश्यांचा खच दिसला, तर शेजारच्या फुलोऱ्यातील पिकावर काय फवारले याची चौकशी करावी. पीक फुलोऱ्यात असताना फवारणी टाळावी. अटळच असेल, तर माश्या परतल्यावर संध्याकाळी करावी.

जनावराच्या तोंडातून लाळ गळणे, डोळ्यांतून पाणी येणे, अंग थरथरणे, हगवण आणि धाप ही लक्षणे एकत्र दिसल्यास मोनोक्रोटोफॉस किंवा प्रोफेनोफॉससारख्या औषधाची बाधा असू शकते. कोवळी किंवा पाण्याअभावी खुरटलेली ज्वारी खाल्ल्यानेही जनावर धाप लागून अचानक कोसळते, म्हणून काय चरले हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. घरगुती उपाय करत बसू नये. जनावरांच्या उपचारासाठीच्या १९६२ या मदत क्रमांकावर फोन करावा आणि औषधाचा डबा लेबलसह जपून ठेवावा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली, हे लक्षात घेऊन अशा वेळी फवारणी करणाऱ्या मजुरांच्या प्रकृतीचीही लगेच विचारपूस करावी.

पाण्याचा नमुना स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ भरावा, थंड ठेवावा आणि त्याच दिवशी तपासणीसाठी पोहोचवावा; उशीर झाल्यास विषाचा माग लागणे कठीण होते.