भाडेकरूंसकट इमारत घेताना विक्रेत्याकडून काय मागावं?

दहा-बारा खोल्यांची भाड्याची इमारत घेताय? मग आधी भाडेकरूंची यादी विक्रेत्याच्या सहीनिशी घ्या: खोलीनिहाय नाव, भाडं, अनामत, कराराची मुदत, थकबाकी. शेजारी मागच्या 12 महिन्यांचा बँकेचा उतारा ठेवून एकेक ओळ जुळवा. खोली क्रमांक 4 समोर 9,000 लिहिलेत आणि खात्यात 6,500च येतात, तर उरलेले रोख मिळतात की मिळतच नाहीत, हे तिथल्या तिथे विचारा. किंमत भाड्यावर ठरते, त्यामुळे फुगवलेला आकडा तुमच्याच माथी बसतो.

लिव्ह अँड लायसन्सचे करार नोंदणीकृत हवेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999च्या कलम 55नुसार ही जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, ते खोटं ठरवणं मालकावर येतं. पागडीची खोली, म्हणजे भाडेकरूने सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर कायमची धरलेली, रिकामी होईल, असं धरून हिशेब मांडूच नका.

अनामत हमखास विसरली जाते. खोली सोडताना भाडेकरू ती तुमच्याकडेच मागणार, म्हणून किमतीतून वजा करून खरेदीखतात तसं लिहून घ्या. जुनी थकबाकी कोण वसूल करणार, तेही त्यातच.

मालमत्ता पत्रक, भोगवटा प्रमाणपत्र, कराच्या आणि पाणीपट्टीच्या पावत्या तर हव्यातच. मंजूर नकाशा मात्र हातात घेऊन जिना चढा. गच्चीवरची पत्र्याची खोली नकाशात नसेल, तर तिचं भाडं हिशेबात धरू नका. वीजमीटरही मोजा. खोल्या 10 आणि मीटर 7 असतील, तर उरलेल्या तिघांचं बिल कोण भरतं, हे भाडेकरूंनाच विचारा.