टोरंटोत घर ऊबदार करायचं कर्ज, घरपट्टीतून फेडायचं

जुन्या घराला इन्सुलेशन, नव्या खिडक्या किंवा हीट पंप (घर तापवणारं विजेवरचं यंत्र) बसवायचा असेल तर टोरंटो शहर स्वतः कर्ज देतं. २०१४ साली सुरू झालेली ही योजना म्हणजे होम एनर्जी लोन प्रोग्रॅम, 'हेल्प'. हप्ता बँकेत भरायचा नाही. तो घरपट्टीच्या बिलात लागून येतो. कर्ज माणसाच्या नावावर नसतं, घरावर असतं. घर विकलं तर बाकी रक्कम एकरकमी फेडा, नाहीतर ती नव्या मालकाकडे जाते. मुदतीआधी फेडल्यास दंड नाही.

शेजारच्या मिसिसागा, ब्रॅम्प्टनमधल्यांनी लक्षात घ्यावं की घर टोरंटो शहराच्या हद्दीतच हवं. ते स्वतंत्र, जोडघर किंवा रांगेतलं असावं. कॉन्डोतल्या फ्लॅटला हे कर्ज नाही. घराच्या कागदांवर ज्यांची नावं आहेत त्या सगळ्यांची संमती लागते, घरपट्टी थकलेली चालत नाही. नवे अर्ज सध्या घेतायत का, हे शहराच्या साइटवर आधी पाहा.

कर्जाची मर्यादा १,२५,००० डॉलर किंवा घराच्या करमूल्याच्या (घरपट्टीसाठी धरलेल्या किमतीच्या) १० टक्के, यांपैकी जे कमी असेल ते. इथेच बऱ्याच जणांचा हिशेब चुकतो, कारण ओंटारियोतलं करमूल्य अजून १ जानेवारी २०१६ च्या किमतींवर धरलेलं आहे. बाजारात घर कितीलाही जावो, घरपट्टीच्या बिलावर ७ लाख लिहिलेलं असेल तर मिळतील जास्तीत जास्त ७० हजार. मुदत ५ ते २० वर्षं, व्याजदर ठरलेला. २ टक्क्यांपर्यंत प्रशासकीय खर्च वर येतो, तोही बजेटमध्ये धरा.

मॉर्गेज असेल तर पहिला फोन बँकेला करा. तिची लेखी संमती लागते आणि अर्ज सर्वांत जास्त अडकतात ते तिथेच. घरपट्टीची थकबाकी मॉर्गेजच्या आधी वसूल होते, म्हणून बँका कां-कूं करतात. शहराचा संमतीचा फॉर्म पुढे करा, शाखेपेक्षा मॉर्गेज विभागाशी बोला, आणि संमती हातात येईपर्यंत ठेकेदाराला आगाऊ रक्कम देऊ नका.

मग एनरगाइड तपासणी, म्हणजे घर किती ऊर्जा खातं याची अधिकृत तपासणी. सल्लागार दारात मोठा पंखा लावून ५० पास्कल दाबाला घरातून किती हवा गळते ते मोजतो. ही तपासणी कामाआधीच झाली पाहिजे, नाहीतर सुधारणा किती झाली ते दाखवता येत नाही. अहवाल आणि कोटेशन जोडून निधीची मागणी करा. मंजुरीनंतर करार होतो. सह्या होईपर्यंत काम सुरू करू नये.

कामांचा क्रम महत्त्वाचा. आधी फटी बुजवायच्या, मग अॅटिकमध्ये (छपराखालच्या पोटमाळ्यात) आर-६० पर्यंत इन्सुलेशन (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप), आणि हीट पंप शेवटी. उलट केलंत तर गळक्या घराच्या मापाचा मोठा पंप घेतला जातो आणि घर बंदिस्त झाल्यावर तो सारखा चालू-बंद होत राहतो. अॅटिकमध्ये सेल्युलोज (कागदाच्या तंतूंचं इन्सुलेशन) भरताना छपराच्या कडेची हवेची छिद्रं बुजू नयेत म्हणून आधी बॅफल (हवेला वाट ठेवणाऱ्या पट्ट्या) बसवून घ्या. तिथे वारा थांबला की हिवाळ्यात लाकडावर दव गोठतं आणि मग बुरशी येते. बाथरूमच्या पंख्याचा पाइप कधीकधी अॅटिकमध्येच उघडा सोडलेला असतो, तोही बाहेर काढून घ्या. चिमणीने धूर सोडणारा जुना गॅस गीझर असेल तर फटी बुजवल्यावर धूर उलटा घरात यायचा धोका असतो. तो तपासून घ्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच.

सुरुवातीला मंजूर रकमेच्या ३० टक्क्यांपर्यंत उचल मिळते. उरलेले पैसे काम संपून दुसरी तपासणी झाल्यावर, अहवाल आणि बिलं दिली की येतात. ठेकेदाराला मात्र पैसे काम संपल्याच दिवशी हवे असतात. त्यामुळे शेवटचा हप्ता दुसऱ्या तपासणीनंतर देण्याचं कंत्राटात लिहून घ्या, किंवा तेवढी रक्कम जवळ ठेवा.